मारी-रोझ तुर्को: लोककथांच्या संग्राहक की बालकथाकार?

रानजाई:
मारी-रोझ तुर्को (1887–1977) मूळच्या क्वेबेकमधल्या लॉरियरविलच्या, पण नाव झालं ओटावात. तिथल्या 'ल द्रुआ' या फ्रेंच दैनिकात पत्रकारिता केली आणि फ्रेंच कॅनडातल्या लोककथा जमवल्या. राक्षस-पऱ्यांच्या गोष्टींचं पुस्तक मुलांसाठी काढलं, म्हणून लोक त्यांना बालसाहित्यात ढकलून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. बाईंना संग्राहकांच्या पंगतीत जागा हवी.

दगडफूल:
असहमत. कॅनडातले लोककथा-संग्राहक मारियस बार्बो 1914 च्या सुमारास लघुलिपीत कथा टिपू लागले, ते सांगणाऱ्याच्या तोंडचे शब्द हाती लागावेत म्हणून. 'ती-जां' या लोककथेतल्या नायकाची गोष्ट घ्या. तीन भावांतला धाकटा, सात डोक्यांच्या श्वापदाला मारणारा. लाकूडतोड्यांच्या हिवाळी तळावर असल्या गोष्टी रंगायच्या, ऐकायला सगळे बाप्ये. तिथला चावटपणा, मध्येच कुणाची तरी उडवलेली टोपी, हे मुलांच्या पुस्तकात कुठून येणार?

रानजाई:
नाहीच येणार. पण 1946 मध्ये लावाल विद्यापीठाच्या 'आर्शीव्ह द फोल्क्लोर' या लोकसाहित्याच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात तुर्कोबाईंनी आणलेल्या कथा आहेत. तो खंड अभ्यासकांसाठी होता, पोरांसाठी नव्हे.

काळीमाती:
ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत काय चाललं होतं तेही बघा ना. 1912 च्या 'नियम 17'ने तिथल्या शाळांत फ्रेंचमधून शिकवणं पहिल्या दोन इयत्तांपुरतं उरलं. 'ल द्रुआ' 1913 मध्ये निघालं ते याच लढ्यासाठी. जानेवारी 1916 मध्ये ओटावातल्या गीग शाळेच्या दारात आया टोपीच्या लांब पिना घेऊन पोलिसांना आडव्या गेल्या! त्या गावात मुलांच्या हाती फ्रेंच गोष्ट देणं मला संग्रहापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

दगडफूल:
नियम 1927 मध्ये बारगळला, परीकथांचं पुस्तक त्यानंतरचं. काम मोलाचं आहे, वादच नाही, पण ते लेखिकेचं. संग्राहक म्हणायचं तर कथा कुणी सांगितली, कुठल्या गावी, हे सोबत हवं. नाहीतर ज्या म्हाताऱ्याने ती आयुष्यभर जपली त्याचं नावच पुसलं जातं.

रानजाई:
सांगणाऱ्याचं नाव हवंच, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण बार्बो राष्ट्रीय संग्रहालयाचे पगारी संशोधक होते, तुर्कोबाई वर्तमानपत्रात लिहून हे करत होत्या. दोघांना एकच फूटपट्टी कशी लावता? बाईंची कागदपत्रं ओटावा विद्यापीठात जपलेली आहेत. निवाडा करायचा तर ती उघडून करा, मुलांच्या पुस्तकावरून नको.