तांब्याच्या कॅथोडवर मॅग्नेशियमचा पातळ थर कशाला?

ऐरोलीकर_२१: एमएस्सी फिजिक्सला आहे, सेमिनार फोटोकॅथोडवर (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा पृष्ठभाग) घेतलाय आणि आता डोकं धरून बसलोय. अ‍ॅक्सिलरेटरला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉन गनमध्ये तांबं चालतंय ना, मग वर मॅग्नेशियम नाहीतर शिशाची फिल्म कशाला चढवतात?

कळव्याचा_काका: अरे तांबं चालतं पण फार कंजूष आहे. वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण ४.६ इव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट), म्हणजे २७० नॅनोमीटरच्या खालचा यूव्ही लेझर लागतो, आणि एवढं करून एक इलेक्ट्रॉन सुटायला दहा हजार ते लाखभर फोटॉन खर्ची पडतात. मॅग्नेशियमचं ३.६६, त्यामुळे क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे दर फोटॉनमागे सुटणारे इलेक्ट्रॉन, बरीच वाढते. पण हवा लागली की लगेच ऑक्साइड धरतं, मग आत बसवल्यावर लेझरने पृष्ठभाग साफ करायचा.

ऐरोलीकर_२१: मग सीझियम टेल्युराइडच का नाही वापरत, त्याची एफिशियन्सी तर टक्क्यांत असते म्हणे

नेरूळ_लॅबवाली: असते, पण नखरे किती! व्हॅक्यूम जरा बिघडला की आयुष्य संपलं. धातू दणकट असतो.
शिशाचं वेगळंय. सुपरकंडक्टिंग (अति थंडीत विजेला शून्य रोध करणारी) गन नायोबियम धातूची, आणि नायोबियम इलेक्ट्रॉन सोडण्यात अगदीच ढ, म्हणून मागच्या भिंतीवर मधोमध शिशाचा छोटासा ठिपका देतात. शिसंही ७.२ केल्विनखाली सुपरकंडक्टर होतं ना, त्यामुळे गनला त्रास कमी. फक्त थर गुळगुळीत हवा, त्यात गोळे राहिले तर तिथूनच फील्ड एमिशन सुरू, म्हणजे लेझर नसताना नुसत्या विद्युत क्षेत्रानेच नको ते इलेक्ट्रॉन सुटतात.

ऐरोलीकर_२१: गोळ्यांचं सरांना नक्की सुचणार, वाचवलंत. सेमिनार सोमवारी आहे 😅

कळव्याचा_काका: मग इथे काय करतोयस, स्लाइड बनव