मदत हवी आहे: मटण-हाडं कापायच्या बँडसॉचा ताणाचा स्क्रू आणि वरचं चाक पूर्ण जाम

नमस्कार मंडळी,

कोपरखैरण्यात आमचं मटण-मासळीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड बँडसॉ घेतला, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची करवत. नळ्या, पाये आणि गोठवलेली सुरमई यावरच कापतो. बॉडी एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची आहे. आतली दोन्ही चाकं आणि वरचं चाक ज्यावर सरकतं तो ब्लॉक ॲल्युमिनियमचा. ब्लेड १६५० मिमी लांब, १६ मिमी रुंद. मोटर सिंगल फेज, १ एचपी.

गटारीच्या रविवारी रात्री अकरापर्यंत मशीन चाललं. मग श्रावण आणि गणपती, म्हणजे आमचं घरगुती गिऱ्हाईक बंदच. त्या रात्री पोरांनी पाइप मारून मशीन धुतलं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसलं, वर मेणकापड टाकलं. ब्लेडचा ताण कोणी सैल केला नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कापड काढून बटण दाबलं तर नुसता घूं असा आवाज. चाक हललं नाही. मी लगेच प्लग ओढला.

आताची अवस्था सांगते. वरचं चाक हाताने तसूभरही हलत नाही. ताण द्यायच्या स्क्रूला पाना लावून, पान्याला पाइप जोडून जोर केला, तर मुठीचा प्लॅस्टिकचा भाग फिरला पण स्क्रू जागचा हलला नाही. ताण तसाच असल्यामुळे ब्लेड काढता येत नाही. ब्लेड सरळ ठेवणाऱ्या गाइडचा बोल्टही घट्ट बसलाय. सरकतं टेबल मात्र थोडं अडखळत का होईना, चालतं.

तीन दिवस गंज सोडवायचा स्प्रे मारतेय. काही उपयोग नाही. आज टॉर्च लावून ब्लॉकच्या खाचेत पाहिलं. स्क्रूच्या भोवती राखाडी-पांढरा लगदा बसलाय. नखाने खरवडला तर वरून मेणासारखा, आत दगडासारखा. हाडाचा भुगा आणि चरबी असणार.

एक मेकॅनिक म्हणाला गॅसची बत्ती लावून लाल करू. दुसरा म्हणाला रात्रभर कॉस्टिक सोड्यात बुडवा. दोघांचंही मन मानेना, म्हणून इथे विचारतेय. दोन हॉटेलांना दर शनिवारी माल जातो. सध्या ओंडक्यावर सत्तुराने नळ्या तोडतोय, त्यात हाडाच्या चिपा येतात. परवा एका हॉटेलच्या मावशींनी रस्सा गाळताना निघालेली चीप मला दाखवायला आणली. ती चीप कुणाच्या घशात गेली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नवीन मशीन घेण्याइतके पैसे हाताशी नाहीत. जबरदस्ती करून आहे तेही मोडायचं नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद, वागळे इस्टेटमधला निवृत्त फिटर:

ताई, दोन्ही सल्ले नाकारलेत ते बरं झालं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. त्यातून हायड्रोजन सुटतो, ब्लॉक काळा पडून भुसभुशीत होतो. आणि चरबीने माखलेल्या मशीनला बत्ती लावली तर आधी ती चरबीच पेटते. शिवाय ॲल्युमिनियम लाल होत नाही. साधारण ६६० अंशांना रंग न बदलता वितळून खाली बसतं. लाल व्हायची वाट बघणाऱ्याच्या हातात नंतर गोळा येतो.

तुमचा स्प्रे काम करत नाही याचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. तेल गंजातून झिरपतं, चरबीतून झिरपत नाही. चरबीचं बूच बसलंय तोवर आटे कोरडेच राहणार. आधी बूच काढा. बकऱ्याची चरबी साधारण ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे उकळतं पाणी पुरेसं आहे.

पण त्याआधी ब्लेड. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दरवाजा उघडा. ब्लेडवर दोन पदरी गोणपाट घट्ट गुंडाळा. चष्मा आणि जाड चामडी हातमोजे घाला. ब्लेडच्या रेषेत उभं न राहता बाजूला राहा आणि गोणपाटाच्या मधोमध ब्लेड कटरने तोडा. ब्लेड गेलं तर गेलं, ते संपायचीच वस्तू आहे. वर स्प्रिंग दबलेली असेल. ब्लेड तुटताच चाक वर उसळू शकतं, म्हणून वरच्या चाकाजवळ कुणाचाही हात नको. आणि हातमोजे फक्त मशीन बंद असताना. चालू ब्लेडपाशी मोजे घालून कुणी उभं राहिलं तर बोट आत ओढलं जातं, हे पोरांना आजच सांगून ठेवा.

मग मोटरच्या बाजूला प्लॅस्टिक नीट बांधा. ब्लॉकवर जुना टॉवेल गुंडाळा आणि किटलीने उकळतं पाणी थोडं थोडं सोडत राहा. पाण्यात भांडी घासायचं लिक्विड चालेल. दहा मिनिटांनी बांबूच्या काडीने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने खाच साफ करा. स्क्रूचा धातू दिसेपर्यंत हे करत राहायचं. चार-पाच वेळा करावं लागेल, कंटाळू नका. धातू दिसला की कोरडं करा आणि मग तेल. रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम पाण्याचा टॉवेल. त्याच उष्णतेत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, एसएसपेक्षाही जास्त, त्यामुळे पकड सुटते. स्क्रूच्या डोक्यावर पितळेचा तुकडा धरून हातोडीने हलके ठोके द्या. पाना लावल्यावर आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग सैल, मग परत घट्ट. पाव आटा सुटला की थांबून तेल. एका दमात सोडायला गेलात तर स्क्रू तुटेल.

प्रतिसाद, घणसोलीचा इलेक्ट्रिशियन:

मोटर लगेच बंद केलीत, त्यामुळे वाइंडिंग बहुतेक वाचलं असेल. अडकलेली मोटर कितीतरी पट करंट खेचते आणि मिनिटभरातही जळू शकते. ब्लेड निघाल्यावर खालचं चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरत असेल आणि तरीही चालू केल्यावर नुसती घूं करत असेल, तर मोटर सुरू व्हायला लागणारा कपॅसिटर बघावा लागेल. त्याला हात लावण्याआधी डिस्चार्ज करून घ्या. प्लग काढला तरी त्यात चार्ज राहू शकतो.

प्रतिसाद, दिवाळे कोळीवाड्यातून:

आमच्याकडेही असंच झालं होतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होती तेव्हा. आम्ही ॲसिटोन आणि गाडीचं गिअर ऑइल अर्धं-अर्धं मिसळून टाकलं होतं. दोन दिवसांत सुटलं. ताई करून बघा.

वागळे इस्टेटमधला फिटर:

दादा, ते मिश्रण चांगलं झिरपतं, मी नाही म्हणत नाही. फक्त गिअर ऑइलऐवजी पॉवर स्टिअरिंगचं पातळ ऑइल घेतात, गिअर ऑइल घट्ट पडतं. पण ते पेट घेतं, म्हणून त्या दिवशी हीट गन आणि बिडी दोन्ही दूर ठेवायचं. आणि खाण्याच्या वस्तूला लागणाऱ्या मशीनवर त्याचा थेंबही मागे राहता कामा नये. सुटल्यावर सगळे भाग खोलून साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे. ताई, तुमच्या खाचेत अजून चरबी आहे, त्यामुळे आधी पाणीच.

धागाकर्ती:

काका, सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो. ब्लेड गोणपाटात गुंडाळून तोडलं, फट्‌ असा आवाज झाला. स्प्रिंग उसळली नाही, कारण ब्लॉकच जाम होता. सहा किटल्या पाणी लागलं. तिसऱ्या किटलीला खाचेतून पिवळट तूप निघावं तशी चरबी ओघळायला लागली, खाली ठेवलेल्या परातीत थिजली. बाबा इतका वेळ लांब खुर्चीत बसून होते, ते उठून स्वतः ब्रश घेऊन बसले. आतून निघालेला भुगा वाटीभर होता.

आज सकाळी तेल, दुपारी टॉवेल आणि ठोके. संध्याकाळी पाव आटा सुटला. मग अर्धा. मग स्क्रू चार आटे बाहेर आला आणि तिथे परत अडकला. आता करकर आवाज येतो आणि पाना स्पंजसारखा लागतो. पुढे जाऊ का?

प्रतिसाद, रबाळे एमआयडीसीतला लेथवाला:

थांबा. आता चरबीचा प्रश्न नाही. एसएसच्या नटात एसएसचा स्क्रू असेल तर जोराने घासल्यावर वरचा ऑक्साइडचा पातळ थर निघतो आणि धातू धातूला चिकटतो. तो करकर आवाज त्याचाच. जितका जोर लावाल तितकं चिकटेल. तेल टाकून, अगदी सावकाश, घट्ट-सैल, घट्ट-सैल करत मागे-पुढे न्या. तरीही थांबलं तर स्क्रूचा मोह सोडा. नटाच्या बाहेरून हॅकसॉने कापा आणि ब्लॉक वाचवा. एम १२चा (१२ मिमी जाडीचा) स्क्रू नवीन बनतो, ब्लॉकची कास्टिंग मिळायला महिना जाईल.

नवीन बनवताना स्क्रू एसएसचा ठेवा पण नट गनमेटलचा (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा) करून घ्या. दोन वेगळे धातू असले की एकमेकांना असे चिकटत नाहीत. आणि नट मऊ असल्यामुळे झीज झालीच तर नटाची होईल, तो बदलणं सोपं.

धागाकर्ती:

नाही सुटला. कापला. ब्लॉकला ओरखडाही नाही. चाकही शाफ्टसकट बाहेर आलंय, पण चाकाचं बेअरिंग शाफ्टवर गंजून बसलंय. रबरावर ६२०४ एवढंच वाचता येतंय, पुढची अक्षरं गेलीत.

वागळे इस्टेटमधला फिटर:

६२०४ म्हणजे भोक २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४. दुकानात मागताना २आरएस सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. झेडझेड देतील तर घेऊ नका. त्याची पत्र्याची झाकणं धुळीपुरती ठीक, रोज धुतल्या जाणाऱ्या मशीनला नाही. परवडत असेल तर एसएसचं बेअरिंग घ्या. तुर्भे-रबाळ्याला मिळेल. नाहीच मिळालं तर वाशीला हार्बर पकडून मशीद बंदरला उतरा, नागदेवीत नक्की मिळेल.

चाकातून बेअरिंग काढायला पुन्हा उकळतं पाणी, चाकाच्या मधल्या भागावर. ॲल्युमिनियम फुगलं की बऱ्याचदा बेअरिंग सहज सरकतं. शाफ्टवरून काढताना पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) आतल्या रिंगला लावा. आधी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी अडकणीची रिंग, आहे का बघा, नाहीतर पुलरच मोडाल. खालचं चाक काढायची वेळ आली तर नटाचे आटे उलटे आहेत का हे आधी नीट पाहा, काही मशीनमध्ये असतात. नवीन बसवताना शाफ्टवर घट्ट बसणारी रिंग आतली असेल तर आतलीवरच ठोका, तेही त्याच मापाचा पाइपचा तुकडा ठेवून. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर गोळ्यांचे वळ रिंगवर उमटतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पाइप मारून धुणं बंद करा. पाण्याचा जोर भुगा बाहेर काढत नाही, बेअरिंगच्या आणि आट्यांच्या आत ढकलतो. आधी कोरडा भुगा ब्रशने काढायचा, मग गरम साबणाचं पाणी फडक्याने, मग स्वच्छ पाणी. ब्लीचिंगचं पाणी एसएसवर तसंच वाळू दिलं तर बारीक खड्डे पडतात. निर्जंतुक करायचंच आहे, पण दहा मिनिटांनी साध्या पाण्याने काढून कोरडं पुसायचं. खाडीकाठची दमट हवा आहे आपली, तिला एवढं निमित्त पुरतं.

दिवाळे कोळीवाड्यातून:

काका, आमचं मशीन मासळीचं, मिठाचं पाणी सतत लागतं. स्क्रू ३०४ जातीच्या एसएसचा आहे. काय करू?

वागळे इस्टेटमधला फिटर:

बदलाल तेव्हा ३१६चा घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त टिकतो. आणि आट्यांना फूड ग्रेड ग्रीस लावा, डब्यावर एच१ लिहिलेलं बघून. चुकून अन्नाला लागलं तरी चालेल असं ते असतं. साधं गाडीचं ग्रीस नको.

धागाकर्ती:

मंडळी, मशीन चालू झालं.

गनमेटलचा नट आणि नवीन स्क्रू रबाळ्याहून करून आणला, बेअरिंग दोन्ही बदलली, कपॅसिटर जुनाच ठीक निघाला. खालचं चाक मोकळं होतं, त्याला हात लावला नाही. ब्लेड गाइडचा बोल्ट गरम पाण्यानेच सुटला. पहिल्यांदा ब्लेड न लावता चालवलं, मग ब्लेड लावून हाताने दोन फेऱ्या, मग बटण. आवाज इतका शांत की बाबांनी कान जवळ नेला, मी त्यांना ओढून मागे केलं.

पहिली नळी कापली. काप गुळगुळीत, मधला गूदा जागच्या जागी, एकही चीप नाही. त्या मावशींना उद्या मीच माल घेऊन जाणार आहे.

ताणाच्या मुठीला लाल रिबन बांधलीय. रात्री दुकान बंद करताना मूठ सैल केली की रिबन खिळ्याला अडकवायची. ती खिळ्याला दिसली नाही तर शटर ओढायचं नाही, असं पोरांशी ठरलंय.

काका, एकच विचारायचं राहिलं. नवीन ब्लेडला ताण किती द्यायचा? जुनं मशीन असल्यामुळे त्यावर खूण काही नाही.

वागळे इस्टेटमधला फिटर:

खूण नसेल तर असं करा. प्लग काढून, मोजे घालून, दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या भागात ब्लेडच्या सपाट बाजूला अंगठ्याने दाबा. किंचित दबलं पाहिजे, लटपटता कामा नये. मग एक मोठी नळी कापून बघा. काप तिरका जात असेल तर अर्धा आटा वाढवा. त्याने सरळ झाला नाही तर ताण वाढवत बसू नका, गाइड आणि ब्लेडचे दात तपासा. सरळ येतोय तिथे स्क्रूवर आणि ब्लॉकवर मिळून पंचने एक खूण मारून ठेवा. बाबांना नमस्कार सांगा.