लिंग की लिंगभाव? फॉर्मवर काय लिहू?

इंदूरकरांनो, मंडळाच्या सहलीचा फॉर्म हिंदीतून मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यात एक रकाना ‘लिंग’ आणि खाली ‘लैंगिक समानता’वर दोन ओळी. वहिनी म्हणतात सेक्स काय नि जेंडर काय, एकच तर आहे, लिही लिंग. खरंच एकच का?

— एकच नाही हो ताई. लिंग म्हणजे शरीराचं, क्रोमोसोम, हार्मोन, जननेंद्रियं वगैरे, आणि तिथेही सगळेच दोन खणांत नीट बसतात असं नाही, काही बाळं जन्मतःच मधली असतात. लिंगभाव म्हणजे त्या शरीरावर समाजाने चढवलेलं बाईपण-पुरुषपण, आणि माणूस स्वतःला आतून काय समजतो तेही. कुठल्याही सोनोग्राफी सेंटरात बोर्ड बघा, ‘यहाँ भ्रूण लिंग परीक्षण नहीं किया जाता’, १९९४ च्या कायद्याने लावावा लागतो. तिथे लिंग हाच शब्द बरोबर आहे, पोटातल्या बाळाचा लिंगभाव कुठलं मशीन सांगणार?

आणि आपण तर अहिल्याबाईंच्या गावचे. १७५४ ला त्यांचे यजमान खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले तेव्हा बाईने सती जावं हा झाला लिंगभाव, बाईने कारभार बघू नये हाही लिंगभावच. सासरे मल्हाररावांनी सती जाऊ दिलं नाही आणि पुढे १७६७ ते १७९५ बाईंनी राज्य चालवलं, लिंग होतं तेच राहिलं की.

— भिया, पटलं, पण हे सगळं पुस्तकी वाटतं. रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

— पडतो ना, आपल्याच एमपीत पडलाय. कटनीला महापौरपद महिलांसाठी राखीव होतं, कमला जान निवडून आल्या, त्या तृतीयपंथी, पण बाई म्हणूनच वावरायच्या. कोर्टाने म्हटलं कायद्याने तुम्ही पुरुष, निवडणूक रद्द. म्हणजे लोकांनी लिंगभाव बघून मत दिलं आणि कोर्टाने लिंग बघितलं. मग २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसमध्ये तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि आपली ओळख ज्याने त्याने ठरवायची असं म्हटलं.

— मला त्या ‘लैंगिक समानते’बद्दल बोलायचंय. हिंदीत चालतं, पण मराठीत लैंगिक म्हटलं की लैंगिक शिक्षण, लैंगिक छळ हेच डोक्यात येतं, तिथे सरळ स्त्री-पुरुष समानता लिहा, सगळ्यांना धरायचं असेल तर लिंगभाव समानता. तसंच ‘उभयलिंगी’चं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं हिंदी नावच ‘उभयलिंगी व्यक्ति’ असं आहे, आणि आपल्याकडे उभयलिंगी म्हणजे जास्वंदीचं फूल! मराठीत तृतीयपंथी म्हणा, पारलिंगी म्हणा, नाहीतर ट्रान्सजेंडर, ते तर सगळेच म्हणून राहिलेत.

(विषयांतर, पण आमच्याकडची पोरं हिंदीच्या नादात ‘माझी पुस्तक’ म्हणतात, नपुंसकलिंग गेलंच समजा. व्याकरणातलं लिंग तिसरंच प्रकरण आहे, ‘ते मूल’ म्हटल्याने मूल काही नपुंसक होत नाही.)

— बरं, मग माझ्या फॉर्मवर काय टाकू ते सांगा ना, उद्या छापायला द्यायचाय.

— ताई, सहलीला हे विचारायचंच कशाला? धर्मशाळेत खोल्या वाटायच्या असतील तर ‘कोणासोबत खोली हवी’ असा रकाना करा, काम भागतंय.