मंडळाच्या पैशातून नगरपरिषदेचं मैदान दुरुस्त करता येतं का?

रेडर_तालुका:
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावात कबड्डी मंडळ आहे, संध्याकाळी शाळेतली पोरंपोरी प्रॅक्टिसला येतात, शेजारीच खो-खोवाले खेळतात. मैदान नगरपरिषदेचं. पावसाळ्यात तळं होतं, मग दिवाळीपर्यंत चिखल वाळायची वाट बघायची आणि त्यानंतर नुसती धूळ. बाथरूम आहे पण दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. यंदा स्पर्धा घेतली, वर्गणी, स्टॉलवाले, बॅनरच्या जाहिराती असं सगळं धरून खर्च जाता दीड लाखाच्या आसपास उरलेत. पोरांचं म्हणणं मॅट घेऊ. २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हापासून सगळ्यांना मॅटच पाहिजे, आणि मातीवर तयार झालेला पोरगा मॅटवर गेला की आधी चाचपडतो हेही खरंय. पण मला वाटतं मैदानच नीट करावं. आता जागा आपली नाही, मग पैसे घालायचे कसे? सरळ मिस्त्री बोलावून काम चालू केलं तर चालतं का, का नगरपरिषदेत भरायचे? आणि भरले तर ते ह्याच मैदानाला लागतील कशावरून??

निवृत्त_ओव्हरसियर:
सरळ मिस्त्री बोलावू नका. उद्या कोणी तक्रार केली की अनधिकृत बांधकाम म्हणून तुमच्याच नावाने नोटीस निघेल. दोन रस्ते आहेत. एक, पैसे नगरपरिषदेत ठेव म्हणून भरायचे, त्यात काम कुठलं, अंदाजपत्रक किती, हे आधी ठरलेलं असतं आणि पैसे त्या कामापुरतेच जमा होतात. सरकारी भाषेत ठेव अंशदान काम, आम्ही डिपॉझिट वर्क म्हणायचो. ह्यात कागद खूप फिरतो. दुसरा म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा, आणि लेखी परवानगी घेऊन त्यांच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम तुम्ही करायचं. दीड लाखाच्या कामाला मी दुसरा घेईन.

आणि काम काय करायचं म्हणाल तर आधी पाणी. लोकं काय करतात, मुरूम आणून ओततात, रोलर फिरवतात, फोटो काढतात, पुढच्या जूनला परत तळं. आधी लेव्हल घ्या, मधून कडेला शंभर फुटाला फूटभर तरी उतार हवा, कडेने चर काढा आणि तो चर खरंच गटाराला मिळतो का ते बघा. चर खणून मैदानाच्याच कोपऱ्यात सोडून दिलेले मी पाहिलेत. हे झालं की मग मुरूम, दाबणी, वर चाळलेली लाल माती. पाणी मारायला नळजोड लागेल तो ह्याच अर्जात मागा, त्याशिवाय धूळ बसणार नाही.

खोखो_ताई:
मॅटचं मी सांगते. पुरुषांची कबड्डीची मॅट १३ बाय १० मीटर, मुलींना १२ बाय ८ पुरतं, ते सगळे तुकडे रोज अंथरायचे, रोज उचलायचे आणि कोरड्या खोलीत ठेवायचे. ती खोली आहे का तुमच्याकडे? नसेल तर उंदीर आहेतच. शिवाय मॅट आली की तेवढ्यात फक्त कबड्डी, आमच्या खो-खोला २७ बाय १६ लागतं ते कुठे जाणार दादा?

आणि बाथरूम शेवटी नको. आमच्याकडे मुली सातवी-आठवीपर्यंत नियमित यायच्या आणि मग एकेक बंद व्हायची, आम्ही आपले समजायचो अभ्यास वाढला असेल. कडी, दिवा, पाणी आणि एक झाकणाचा डबा एवढं केलं त्यानंतर आया स्वतः सोडायला यायला लागल्या. मॅटपेक्षा किती स्वस्त!

पावतीबुक:
मंडळ रजिस्टर आहे का ते आधी सांगा. नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१ क, गणपतीला मंडळं घेतात तीच. तिथे पैसे ज्या कारणासाठी मागितले त्यालाच वापरायचे असतात, म्हणून तुमच्या पावतीवर काय छापलंय ते बघा. "स्पर्धेसाठी" असेल तर निदान सभा घेऊन शिल्लक मैदानाला वापरायचा ठराव करा आणि हिशेब बोर्डावर लावा, नाहीतर चहाच्या टपरीवर चर्चा सुरू झालीच म्हणून समजा.

दीड लाखात सगळं बसणार नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकासाचं अनुदान असतं, त्याची चौकशी करा. आमदार निधी आहेच, पण तिथे काय सुचवायचं ते तयार नेलं तर काम होतं, नाहीतर गेट आणि कमान मिळते आणि कमानीवर नाव. एमआयडीसी जवळ असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांच्या ट्रेनिंगचा खर्च त्यात बसतो, पण संस्था नोंदलेली हवी, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी आणि २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्मही. देणगीदाराला ८०जी ची सूट हवी असेल तर दोन हजाराच्या वर रोख घेऊ नका, चेक किंवा यूपीआय.

सकाळी_साडेपाच:
माझं मत कडू लागेल पण लिहितो. मी त्या मैदानावर चालणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे अशाच एका. मंडळं आधी मैदान सुधारतात, मग कुंपण घालतात, मग कुलूप आणि मग आम्हाला विचारतात तुम्ही कोण. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक द्यायच्या धोरणावरून एवढा गदारोळ झाला की २०१६ ला ते थांबवावं लागलं, कारण भीती हीच होती. तुमची नियत चांगली असेल हो, पण दहा वर्षांनी मंडळात तुम्ही असणार का? पैसे दिले म्हणून हक्क मिळत नाही हे कागदावर येऊ द्या. सकाळी सगळ्यांना खुलं, संध्याकाळी अमुक ते अमुक प्रॅक्टिस, भाड्याने द्यायचं नाही.

रेडर_तालुका:
@सकाळी_साडेपाच काका कडू नाही लागलं, आमच्याकडे कुंपणाचा विषय निघालाच होता, तो आता मीच मागे घेतो. मंडळ रजिस्टर आहे पण ८०जी वगैरे काही नाही, तेव्हा सीएसआर ह्या वर्षी विसरायचं. आधी चर, लेव्हल आणि बाथरूम, उरलं तर माती. मॅटवाल्यांशी भांडण होणार आहे ते बघतो. एकच विचारतो, ठराव आम्ही करायचा का नगरपरिषदेचा पण लागतो?

निवृत्त_ओव्हरसियर:
तुमचा लागतोच, त्यांचा काय लागेल ते मुख्याधिकारी सांगतील. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबरसकट. काम मार्च-एप्रिलमध्येच उरका, मे महिन्यात मिस्त्री मिळत नाही आणि जूनला चर खणून उपयोग नाही.

खोखो_ताई:
आणि बाथरूमची किल्ली कोणाकडे राहणार ते पण त्याच अर्जात लिहा. "सेक्रेटरीकडे" असं लिहू नका, सेक्रेटरी कायम गावाला गेलेला असतो 😄