उलटतपासात ओमिशन आणि कॉन्ट्राडिक्शन प्रत्यक्षात कसं आणायचं?

तालुका_ज्युनिअर
सिनियर सेशन्सला अडकलेत त्यामुळे भादंवि 324 (धोकादायक हत्याराने दुखापत) च्या एका जुन्या मॅटरमध्ये पुढच्या तारखेला उलटतपास मलाच घ्यायचाय, आपण आरोपीकडून. साक्षीदार फिर्यादीचा सख्खा भाऊ. पोलीस जबाबात म्हणतो आरडाओरडा ऐकून घराबाहेर आलो, आणि सरतपासात (सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत) म्हणाला मी ओट्यावरच बसलेलो, पहिल्यापासून सगळं बघितलं. वर लोखंडी रॉड पण आणलाय, जबाबात नुसतं "मारहाण केली" एवढंच आहे. कॉलेजात पुरावा कायद्याचं 145 (आधीच्या लेखी जबाबावरून उलटतपास) पाठ केलं पण साक्षीदारासमोर क्रम काय ठेवायचा? आणि शेवटी "हे म्हणणे खोटे आहे की" छाप सूचना (बचावाची बाजू साक्षीदारापुढे मांडणारे प्रश्न) किती द्यायच्या?

जुना_काळा_कोट
दोन्ही एकत्र विचारू नकोस. ओट्याचं आहे ते कॉन्ट्राडिक्शन, म्हणजे जबाबाच्या उलट बोलला. जबाबातला तेवढाच भाग त्याला वाचून दाखव आणि विचार असं पोलिसांना सांगितलं होतं का, नाही म्हणाला की न्यायाधीश साहेबांना सांगून त्या भागाला 'ए' मार्क करून घे. पण मार्क झालं म्हणजे शाबीत झालं नाही, तपासी अंमलदार पेटीत येईल तेव्हा त्याच्याकडून तो भाग शाबीत करायचा, मग त्याला निशाणी (एक्झिबिट नंबर) पडते.

रॉडचं ओमिशन (जबाबात न आलेली गोष्ट) आहे, तिथे मार्क करायला जबाबात काही नाहीच. सरळ विचार, जबाब देताना रॉडचं सांगितलं होतं का? हो म्हणेल, मग ते ठरलेलं वाक्य येतं, "जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही". अख्ख्या उलटतपासात हा एकच 'का' चालतो, बाकी कुठे का विचारलंस तर तो पाच मिनिटं गोष्ट सांगेल आणि ती सगळी रेकॉर्डवर जाईल. मग अंमलदाराकडून घ्यायचं की साक्षीदाराने रॉडचं सांगितलं नव्हतं. हे राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात, आणि अंमलदार कधीकधी वर्षांनी येतो, तेव्हा फाईल कोणाच्या हातात असेल कोण जाणे, म्हणून आजच फाईलवर लिहून ठेव.

सीआरपीसी 162 खालचं स्पष्टीकरण वाच, ओमिशन महत्त्वाचं असलं तरच कॉन्ट्राडिक्शन धरतात. तहसीलदार सिंगचा सुप्रीम कोर्टाचा 1959 चा निकाल पण वाच, अजूनही सगळे तोच दाखवतात. तुझ्याकडे रॉड महत्त्वाचा आहे कारण हत्यार गेलं की 324 चं 323 (साधी दुखापत) होतं, तीन वर्षांच्या जागी जास्तीत जास्त एक वर्ष. शर्ट कुठल्या रंगाचा होता असली ओमिशनं काढत बसू नकोस, साहेब वैतागतात.

अ‍ॅड_कृष्णाकाठ
सूचनांचं मी सांगतो. बचाव काय आहे तो साक्षीदाराला घालावाच लागतो, नाहीतर पीपी (सरकारी वकील) म्हणणार यांनी ते नाकारलंच नाही. पण पन्नास सूचना देऊन पन्नास वेळा "खोटे आहे" लिहून घेण्यात काय मिळतं मला कळलेलं नाही. आणि जपून रे, बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 2023, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की बचावाच्या वकिलाने दिलेली सूचना आरोपीच्या अंगाशी येऊ शकते. तू सहज विचारलंस "झटापटीत फिर्यादी स्वतःच पडला ना", झालं, आरोपी तिथे होता हे तूच कबूल केलंस. बचाव 'तो तिथे नव्हताच' असा असेल तर मग संपलं.

तालुका_ज्युनिअर
बाप रे, झटापटीचा प्रश्न मी लिहून ठेवलेला! आरोपीशी आधी बोलतो. पुराव्याचा नवीन कायदा लागला तर 148 म्हणायचं का 145?

जुना_काळा_कोट
1 जुलै 2024 ला खटला चालू होता ना, मग जुनाच पुरावा कायदा, 145. आणि डॉक्टरची साक्ष व्हायची असेल तर मेडिकल सर्टिफिकेट नीट बघ, "कठीण आणि बोथट वस्तू" लिहिलं असेल तर दगडावर पडून अशी जखम होऊ शकते का एवढंच विचार आणि बस खाली. हा प्रश्न डॉक्टरला चालतो, भावाला नाही.