गेमसाठी घड्याळ पुढे ढकलणं तुम्हाला पटतं का?

सावकाश:
शेत, गाव, पाळीव प्राणी असे जे गेम खऱ्या वेळेवर चालतात, त्यात फोनचं किंवा कन्सोलचं घड्याळ पुढे करून पीक काढणं मला अजिबात पटत नाही. तिथे वाट बघणं हाच खेळ असतो. मी एकदा दोन आठवडे एका संध्याकाळी उरकले. झाडं वाढली, घर मोठं झालं, आणि तिसऱ्या दिवशी गेम उघडावासाही वाटला नाही.

निशाचर:
असहमत. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या बेटावर गाव वसवण्याच्या गेममधलं किराणा दुकान रात्री १० ला बंद होतं, सकाळी ८ ला उघडतं. मी रात्रपाळीवाली, रोज बंद दारच बघू का? म्हणून कन्सोल कायम सहा तास मागे ठेवते. माझ्या बेटावर मी एकटीच असते, यात कोणाचं काय बिघडलं?

सावकाश:
तुमचं वेगळं आहे हो. घड्याळ मागे असलं तरी तुमचा दिवस २४ तासांचाच राहतो. माझं भांडण उड्या मारण्याशी आहे. त्याच गेममध्ये बँकेचं व्याज लाटायला लोक महिनेच्या महिने पुढे जायचे, शेवटी एप्रिल २०२० मध्ये व्याजदर कमी केला गेला. फटका सरळ खेळणाऱ्यांनाही बसला. सलगमचा, म्हणजे स्वस्तात घेऊन महाग विकायच्या कंदाचा, नियम मात्र मला आवडतो: विकत घेऊन ठेवलेत आणि तारीख मागे नेलीत की सगळे सडतात.

टिकटिक:
मला दोघांचंही पटत नाही, चूक गेम बनवणाऱ्यांची आहे. गेम बंद करताना वेळ नोंदवायची, उघडताना आताच्या वेळेतून ती वजा करायची, एवढ्यावर सगळं चालतं. घड्याळ आठवडाभर पुढे करून गेम खेळलात आणि मग पूर्ववत केलंत, की शेवटची नोंद भविष्यातली ठरते आणि वजाबाकी उणे येते. ती शक्यता धरलेली नसेल तर पीक आठवडाभर अडकून बसतं. बॅटरी पूर्ण उतरून तारीख चुकली, तर काहीही लबाडी न करणाऱ्यालाही हाच त्रास! वेळ सर्व्हरकडूनच घ्यायला हवी.

निशाचर:
आणि इंटरनेट नसेल तर? सर्व्हर कायमचा बंद झाला तर? १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’चं घड्याळ कार्ट्रिजमधल्या, म्हणजे गेम ज्या डबीत यायचा तिच्यातल्या, बॅटरीवर चालायचं. कोणाला विचारायची गरज नाही.

टिकटिक:
ती बॅटरी संपली की साठवलेला खेळही पुसला जायचा, तेही सांगा. शिवाय त्यात घड्याळ नव्याने लावायला पासवर्ड लागायचा, खेळाडूचं नाव, क्रमांक आणि गेममधले पैसे यांवरून काढलेला. म्हणजे मोकळीक तिथेही नव्हतीच.

निशाचर:
चालेल, पासवर्ड मागा. पण माझ्या हातातल्या यंत्रात वाजले किती, हे सर्व्हरने मला सांगू नये.