अढी म्हणायचं की आढी? (आणि मनातली अढी)

आंबे पिकत घालतात ती अढी की आढी? काल भावाशी फोनवर यावरून जुंपली. तो म्हणतो आढी, कारण आजोबा तसंच म्हणायचे. आमचं आजोळ राजापूरजवळ, मे महिन्यात माळ्यावर भाताच्या पेंढ्यात हापूस लावलेले असायचे, दुपारी सगळे झोपले की आम्ही दोघं शिडीवरून वर, मी ९ वर्षांची आणि हा ६, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि अंगठ्याने दाबून बघायचं पिकला का, नसला तर परत तसाच झाकून ठेवायचा, कोणाला कळतंय! दोन दिवसांनी आजोबांनी अढी परतली तर ओळीने सगळ्या आंब्यांवर अंगठ्याएवढे काळे डाग. "आढीत मांजर शिरलेलं दिसतंय, अंगठा असलेलं" एवढंच बोलले आणि शिडी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

बरं, खरा प्रश्न पुढेच आहे. शेजारच्यांशी गडग्यावरून आजीचं वाजलेलं, ती म्हणायची त्यांच्या मनात अढी आहे. तर हा पठ्ठ्या गडगा ओलांडून विचारून आला, तुमची अढी कधी उघडणार? हे दोन शब्द एकच का?

— दोन्ही चालतं हो, लिहिताना अढी आणि बोलताना आढी. आमच्या वऱ्हाडात माच म्हणतात.

— एकच असणार की. पेंढ्यात झाकायचं, आतल्या आत ऊब धरते, एक नासका राहिला तर शेजारचे चार नासवतो. मनातल्या अढीचं वेगळं काय असतं?

— ऐकायला छान आहे पण नाही पटत. क्रियापदं बघा ना, आंब्याची अढी आपण हौसेने घालतो, आठ-दहा दिवस वाट बघतो, मग उघडतो. मनातली अढी बसते, नाहीतर माणूस ती धरून ठेवतो, आणि सुटली तर सुटते. पायावर पाय टाकून बसतात तीही अढीच, माझी आजी ओरडायची "पायाची अढी सोड आधी". तिथे पीळ, वेढा असा अर्थ आहे, मनातली अढी मला त्या घरातली वाटते.

— मग वळचणीचं पाणी आढ्याला, ते पण यातलंच?

— नाही हो!! आढं म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं लाकूड, कुठून कुठे नेताय.

— ते सगळं राहू द्या, शेजारच्यांनी काय उत्तर दिलं ते सांगा.

— (धागा काढणारी) क्रियापदांचा मुद्दा पटला, भाऊ मात्र आढीच म्हणणारे. शेजारच्या काकांनी त्याला काही न बोलता सहा हापूस दिले, अजून जरा कच्चे होते. आजीने घेतले, पण आमच्या अढीत नाही घातले, वेगळ्या टोपलीत ठेवले.